मे महिन्यातले वीस अंश

डॉ. मुकुंद हरकरे यांचं मॉडेल चुकू शकत नाही, हे हर्षा भोयरला विभागात पाय ठेवल्याच्या पहिल्याच दिवशी कळलं, कारण तसं त्यांनी स्वतःच सांगितलं.

नागपुरातल्या एका जुन्या अभियांत्रिकी कॉलेजात ते केमिकल विभागाचे प्रमुख. एकाच पाण्यात दोन-तीन क्षार विरघळलेले असतील, तर कुठल्या तापमानाला कुठला क्षार किती विरघळून राहील आणि कधी तळाशी बसेल, हे कागदावर आधीच सांगणारं गणित त्यांनी बांधलं होतं. हे वाटतं तितकं सोपं नसतं. एकटं मीठ पाण्यात सरळ वागतं. पण त्याच पाण्यात सोडियम सल्फेट आलं, वरून मॅग्नेशियमचा एखादा क्षार आला, की सगळ्यांची चाल बदलते. दिवाळीच्या आठवड्यात सीताबर्डीच्या मेन रोडवर माणूस आपल्या पायांनी चालत नाही, गर्दीच्या पायांनी चालतो. पाण्यात दाटीनं राहणाऱ्या आयनांचंही तसंच. ही सगळी धक्काबुक्की हरकरे सरांनी अकरा गुणांकांत बसवली होती. अकरा खुंट्या हातात असल्यावर कुठलाही तंबू उभा राहतो, असं विभागात काही जणांना वाटायचं, पण ते प्रमोशन झाल्यावर बोलायचं ठरवून होते.

मॉडेलची कीर्ती अशी, की प्रयोगात मोजलेल्या बेचाळीस आकड्यांशी ते अर्ध्या टक्क्याच्या आत जुळायचं. आता हे बेचाळीस आकडे कोणाचे, तर सरांचेच. पंच्याण्णव साली, स्वतःच्या पीएचडीसाठी, त्यांनी ते मोजले होते. सोडियम सल्फेट, मीठ आणि मॅग्नेशियम यांचं हे तिहेरी मिश्रण त्या तापमानांना दुसऱ्या कोणी मोजायच्या भानगडीत पडलं नव्हतं. त्यामुळे जगात कोणालाही हे आकडे लागले की ते हरकऱ्यांच्या दारातून जात, आणि सर प्रत्येक जाणाऱ्याला मोजून ठेवत.

हर्षा काटोलकडच्या एका गावची. एमटेक झालेली, हात स्वच्छ, डोकं शांत. नंदनवनात मीराबाई नावाच्या बाईंकडे वरची खोली घेऊन ती राहायची. पहिली तीन वर्षं वर्ग आणि सरांच्या मॉडेलचं गणित यांत गेली; मग सरांनी तिला प्रयोगाचं काम समजावलं ते असं:

"मॉडेल तयार आहे, डेटा तयार आहे. तू फक्त सहा मोजमापं करायचीस. व्हॅलिडेशन म्हणून. लग्नात अक्षता टाकतात ना, तेवढंच. लग्न आधीच ठरलेलं असतं."

हर्षानं अक्षता टाकायला घेतल्या. बंद चंबूत पाणी आणि क्षार घालायचे, ते चंबू ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात, म्हणजे बाथमध्ये, दोन दिवस ढवळत ठेवायचे. मग ढवळणं थांबवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं, त्यात बेरियम टाकून सल्फेट खाली आणायचं, गाळायचं, भट्टीत भाजायचं आणि तोलायचं. हळू काम. घाई केली की क्षार सूड घेतो. पहिलं मोजमाप वीस अंशांवरचं होतं. सरांच्या बेचाळीस आकड्यांच्या तक्त्यापेक्षा आकडा शंभराला नऊनं कमी आला.

ती घाबरली. पुन्हा केलं. पुन्हा नऊ.

"तुझी भट्टी तपास," सर म्हणाले.

भट्टी तपासली. नऊ. मग सरांनी वजनकाटा तपासायला लावला, मग क्षाराची बाटली बदलायला लावली, मग छतावरचा पंखा बंद करून काम करायला लावलं. एकदा म्हणाले, "तुझ्या हाताला घाम येतो का गं? काही मुलींच्या येतो." हर्षा त्या रात्री मीराबाईंच्या आरशासमोर तळहात बघत बसली. घाम नव्हता. पण दुसऱ्या दिवशी चंबू उचलताना यायला लागला.

असे आठ महिने गेले. तिनं दोन्ही बाजूंनी मोजून पाहिलं, म्हणजे एकदा कमी क्षारापासून चढत आणि एकदा गरम, भरगच्च द्रावण थंड करत उतरत. खरा आकडा असेल तर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी भेटतात. त्या भेटल्या. नेमक्या नऊ टक्के खाली भेटल्या. हर्षाला वाटलं, आता तरी सर ऐकतील. सरांनी आलेख हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, आणि दयाळूपणे म्हणाले, "चूक दोन्ही बाजूंनी सारखीच येते आहे, म्हणजे चूक पद्धतशीर आहे. प्रगती आहे."

घरून आईचा फोन यायचा. "काय करून राहिली वं इतके दिवस?"

"मीठ विरघळवून राहिली," हर्षा सांगायची.

आई मग म्हणायची, "ते तर आपल्या घरीबी विरघळते."

त्या काळात हर्षाचं वजन उतरलं. आपल्यालाच जमत नाही, आपण खेड्यातून आलो, आपला हात शेणामातीचा, काचेचा नाही, असं तिला मनोमन वाटू लागलं होतं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. पण नंतर, सगळं उलगडल्यावर, तिला सगळ्यात जास्त राग आला तो या आठ महिन्यांचा.

तेवीस सालच्या डिसेंबरात सरांना बुटीबोरीच्या बाजूच्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्यातून फोन आला. त्या कारखान्याचं सांडपाणी आटवायच्या यंत्राला सरांनी सल्ला दिला होता. रंगाईच्या पाण्यात सोडियम सल्फेट भरपूर असतं. पाणी किती आटवलं तर क्षार पाइपात बसणार नाही, ती हद्द सरांच्या मॉडेलनं आखून दिली होती. आता त्या हद्दीच्या आत राहूनही पाइप बंद पडला होता. सरांनी हर्षाला सोबत घेतलं, बॅग धरायला.

सकाळी साडेसातला ते पोचले. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. शिफ्टचे प्रमुख गोपाळराव, मफलर गुंडाळलेले, त्यांना पाइपाजवळ घेऊन गेले. कापून काढलेला एक तुकडा जमिनीवर ठेवला होता. आत तोंडापर्यंत पांढरे, काचेसारखे खडे. सोडियम सल्फेट थंडीत खाली बसतं तेव्हा एकटं बसत नाही. आपल्या प्रत्येक कणाबरोबर पाण्याचे दहा कण घेऊन बसतं. गावाला निघालेल्या माणसानं अख्खी आळी टेम्पोत कोंबावी, तसं. त्यामुळे मूठभर क्षारानं पाइप भरून जातो.

सरांनी पाइपात वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पाण्याचं तापमान किती होतं?"

"चौदा," गोपाळराव म्हणाले.

"आणि आटवलं किती?"

"तुमी सांगतलं तेवढंच. त्याच्याहून थोडं कमीच. हा कागद पाहा, तुमच्याच सहीचा."

सर सरळ उभे राहिले. "मॉडेल बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमचं पाणी समतोलात नाही, स्थिरावलेलं नाही. माझं मॉडेल समतोलासाठी आहे."

गोपाळरावांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "समतोलात नसंन साहेब. पण पाइप तर भरला ना. आता पाण्याले मी कसं समजावू?"

हर्षा खाली मान घालून उभी होती. तिच्या डोक्यात मात्र आकडे फिरत होते. तिच्या मोजमापाप्रमाणे या पाण्यातला क्षार पंधरा अंशांच्या जवळपास खाली बसायलाच हवा होता, आणि तो बसला होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या बाजूनं साक्ष दिली होती, आणि ते कोण, तर एक तुंबलेला पाइप.

परतीच्या वाटेवर सर गाडीत एका पेपरचं नाव सुचवत राहिले: 'औद्योगिक सांडपाण्यातील असमतोल: एक नवा दृष्टिकोन'. पहिलं नाव त्यांचं.

दोन दिवसांनी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, हर्षा लॅबमध्ये चंपतरावांबरोबर बसली होती. चंपतराव निंबुळकर हे लॅबचे परिचर. चौतीस वर्षं नोकरी, मार्चअखेर निवृत्ती. काचेच्या भांड्यांना ते माणसांसारखं बोलायचे आणि माणसांना भांड्यांसारखं, म्हणजे नीट पुसून, जपून. हर्षानं त्यांना वांग्याची भाजी दिली आणि सहज म्हणाली, "काकाजी, हरकरे सरांनी त्या काळात बाथ कसा ठेवला असंन इतका बरोबर? आपला आता पाव अंश इकडंतिकडं होते."

"कोणत्या काळात?"

"पंच्याण्णवले. त्यांची पीएचडी सुरू होती तवा."

चंपतरावांनी घास खाली ठेवला. "बाथ? कोनता बाथ? त्या साली तर बाथ नव्हताच अठी."

"म्हणजे?"

"पुण्याले गेला होता ना दुरुस्तीले. थंड करायची मशीन बसली होती त्याची. तवा एकच होता सगळ्या विभागात. त्याच्या टेबलावर आमी माठ ठेवले होते दोन, वाळा टाकून. सारा स्टाफ पाणी प्यायले तिथं येत होता. हरकरे साहेब बी."

हर्षाचा हात भाजीच्या डब्यावर थांबला. "तुम्हाले साल पक्कं आठवते?"

"आठवन नाई तर काय. माह्या मोठ्या पोट्टीचं बारसं होतं, चौऱ्याण्णवच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी. मी सुट्टी मांगितली. तवाच्या साहेबानं देली नाई. म्हणे, आज बाथ ट्रकमधी चढवाचा हाय, तू पाह्यजेस. मी बाथ चढवला अन् तिकडं पोट्टीचं नाव मनकर्णा ठेवून टाकलं, मले न विचारता. माह्या मनात दुसरं होतं." अजूनही ते त्यांना लागलेलं होतं. "वापस आला तो पंच्याण्णवची दिवाळी झाल्यावर. खोकं म्याच खोललं."

हर्षानं कपाटातून सरांचा प्रबंध काढला. निळ्या कापडाची बांधणी. तक्ता क्रमांक चार. वीस अंश, अधिक-उणे एक दशांश. मोजणीचा काळ: एप्रिल ते जून, एकोणीसशे पंच्याण्णव.

मे महिन्यात नागपुरात सावलीतही पंचेचाळीस असतात. रात्री तीसच्या खाली पारा उतरला तर लोक गच्चीवर एकमेकांचं अभिनंदन करतात. त्या मे महिन्यात, बाथशिवाय, शेजारी दोन माठ ठेवून, हरकरे सरांनी अट्ठेचाळीस तास अखंड वीस अंश राखले होते, आणि तेही एक दशांशाच्या अचूकतेनं.

"काय झालं वं?" चंपतरावांनी विचारलं.

"काई नाई काकाजी. जेवा तुमी."

त्या संध्याकाळी तिनं ते बेचाळीस आकडे घेतले आणि एका जुन्या परदेशी हँडबुकातल्या समीकरणाशी लावून पाहिले. दोन साध्या क्षारांसाठी लिहिलेलं, सत्तरच्या दशकातलं समीकरण. बेचाळीसच्या बेचाळीस त्याच्या रेषेवर येऊन बसले. रेषेपासून जो थोडा फरक होता, तोही ओळीनं होता: चार दशांश वर, तीन खाली, दोन वर, चार खाली, मग पुन्हा चार वर, तीन खाली, दोन वर, चार खाली. माणसाच्या हाताची चूक अशी कवायत करत नाही. कोणीतरी टेबलाशी बसून आकडे समीकरणातून काढले होते आणि खरे वाटावेत म्हणून त्यांना जरा जरा हलवलं होतं. हलवायचाही कंटाळा आला, तेव्हा पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली होती.

आणि सरांच्या अकरा गुणांकांच्या मॉडेलच्या पोटात काय होतं, तर तेच जुनं समीकरण, वर झूल घातलेलं. ते त्या आकड्यांशी जुळणार नाही तर काय करणार? बाप आणि मुलगा एकाच नाकाचे निघाले, यात ज्योतिषाचं कौतुक ते काय.

हर्षाला आधी हसू आलं. मग आपले तळहात आठवले, आणि हसू गेलं.

सरांना थेट सांगायचं, असं ठरवून ती दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेली. सर खुशीत होते. कारखान्याच्या पाइपावर त्यांना तोडगा सापडला होता.

"बस. आपण मॉडेलमध्ये एक बारावा गुणांक घालतो आहोत. शून्य पूर्णांक एक्क्याण्णव. सगळ्याला त्यानं गुणायचं, की कारखान्याचा आकडा बरोबर येतो. आणि योगायोग बघ, तुझी मोजमापंही बसतात. 'हरकरे-भोयर असमतोल गुणांक'. तुझं नाव घालतोय मी त्यात."

हर्षाला क्षणभर ते नाव छापलेलं दिसलं. चार वर्षं. घरची वाट पाहणारी माणसं. मनात एक पाऊल पुढं पडलंही होतं, हे तिनं स्वतःपाशी कबूल केलं.

मग तिनं विचारलं, "सर, एक शंका होती. पंच्याण्णवची मोजमापं तुम्ही उन्हाळ्यात केली होती. वीस अंश कसे राखले?"

सर खुर्चीत मागे रेलले. चेहऱ्यावर जुन्या दिवसांची साय आली.

"त्या काळी आम्ही काम करायचो, हर्षा. तुमच्यासारखं यंत्रावर अवलंबून नव्हतो. जिद्द असली की तापमान राहतं."

"हो सर," हर्षा म्हणाली आणि बाहेर आली. यापुढं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. जिद्दीनं तापमान धरून ठेवणाऱ्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे माठाशी वाद घालण्यासारखं होतं.

तिनं प्रबंध लिहायला घेतला. सरांनी सांगितलेला बारावा गुणांक चौथ्या प्रकरणात घातला, जसाच्या तसा, 'मार्गदर्शकांच्या सूचनेनुसार' असं म्हणून. पाचव्या प्रकरणात स्वतःचा तक्ता दिला, दहा ते तीस अंशांपर्यंतचा, दोन्ही बाजूंनी मोजलेला. आणि पान एकशे सतरावर, साध्या इंग्रजीत, कुठलंही विशेषण न वापरता, लिहिलं की आधी प्रसिद्ध झालेले बेचाळीस आकडे पुन्हा मिळवता आले नाहीत; ते एका जुन्या समीकरणाशी तंतोतंत जुळतात आणि त्यांतल्या फरकाचा क्रम दर चार आकड्यांनी पुन्हा येतो; आणि ते मोजल्याची जी तारीख दिली आहे त्या काळात स्थिर तापमानाचा बाथ विभागात नव्हता. खाली तळटीप: 'श्री. चंपतराव निंबुळकर, प्रयोगशाळा परिचर, प्रत्यक्ष संभाषण.'

कच्ची प्रत तिनं सरांच्या टेबलावर ठेवली. आठवड्याभरानं सरांनी प्रत परत दिली. लाल शाईच्या खुणा होत्या. सारांशात दोन स्वल्पविराम वाढवले होते. प्रकाशित लेखांच्या यादीत सरांच्या नावाआधीचं 'डॉ.' राहून गेलं होतं, ते घातलं होतं. आणि आभाराच्या पानावर, 'मार्गदर्शक डॉ. हरकरे यांचा मी आभारी आहे' या वाक्यात 'मनःपूर्वक' आणि 'द्रष्ट्या' असे दोन शब्द कडेला लिहून बाण काढला होता. त्यापलीकडं कागदाला सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती. 'हा प्रबंध मी संपूर्ण वाचला असून तो सादर करण्यास योग्य आहे' या प्रमाणपत्रावर मात्र ठळक, झोकदार सही होती.

हर्षानं 'मनःपूर्वक' घातलं. 'द्रष्ट्या'ही घातलं. त्या पानाची तिला अडचण नव्हती.

तोंडी परीक्षेला दुसऱ्या शहरातून एक ज्येष्ठ प्राध्यापक आले. गाडीला उशीर झाला होता आणि परतीची गाडी मात्र वेळेवर होती. त्यांनी आधी संत्रा बर्फी कुठली चांगली, हे विचारून घेतलं. मग प्रबंध उघडला, अगदी मधोमध, जिथं आपोआप उघडतो तिथं, आणि एक आलेख पाहून मान डोलावली.

"मॉडेल इतकं सुंदर कसं काय जुळतं हो या जुन्या आकड्यांशी?"

सर पुढं सरसावले, पण परीक्षकांनी हात करून हर्षाला बोलू दिलं. नियमच तसा.

"सर, कारण ते आकडेही समीकरणातूनच आलेले आहेत," हर्षा म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून ऐकू आला. खोलीत वीस-बावीस माणसं होती. मागच्या बाकावर, नुकतेच निवृत्त झालेले चंपतराव इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "म्हणजे सिद्धान्त आणि प्रयोग, दोन्ही एकाच पायावर उभे आहेत. वा. फार मार्मिक बोललात." त्यांनी सरांकडं पाहिलं. "चांगली तयार केलीत हो मुलगी."

सरांनी नम्रपणे मान खाली घातली. टाळ्या झाल्या. चहा आला.

हर्षा डॉक्टर झाली. गावाकडं बॅनर लागला, त्यावर तिच्या फोटोपेक्षा सरपंचाचा फोटो मोठा होता. बुटीबोरीकडच्या त्याच कारखान्यानं तिला प्रयोगशाळेत घेतलं. गोपाळरावांनी तिचा तक्ता प्लॅस्टिकमध्ये घालून यंत्राच्या पॅनेलजवळ चिकटवला. पुढच्या थंडीत पाइप एकदाही तुंबला नाही. त्या यशाबद्दल एका संस्थेनं हरकरे सरांना 'उद्योगस्नेही संशोधक' म्हणून शाल दिली, आणि भाषणात सरांनी बाराव्या गुणांकाचं महत्त्व विशद केलं. गोपाळरावांना आमंत्रण होतं. ते जेवायला थांबले नाहीत.

चंपतरावांना तिनं प्रबंधाची एक प्रत नेऊन दिली, नागपूरजवळ बेसाला, त्यांच्या मुलीच्या घरी. मनकर्णानं तळटीप वाचून दाखवली. चंपतरावांनी आपल्या नावावर बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कोनी वाचलं का पन?"

"अजून नाई, काकाजी."

"वाचतीन," ते म्हणाले. "घाई काय हाय."

वर्षभरानं ते झालं. वेदिका नावाच्या एका संशोधक मुलीला, कुठंतरी दूर उत्तरेत, हेच तिहेरी मिश्रण लागलं. तिनं इंटरनेटवर विद्यापीठाच्या ग्रंथालयातून हर्षाचा प्रबंध उघडला आणि, जे आजवर कोणी केलं नव्हतं ते करून, वाचला. मग हरकरे सरांना अतिशय आदबीचा ईमेल पाठवला: पान एकशे सतरावरच्या मजकुराबद्दल आपलं म्हणणं कळू शकेल का? ईमेलची प्रत हर्षालाही पाठवली होती.

तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "जरा विद्यापीठात येतेस? ग्रंथालयापाशी."

हर्षा गेली. सर पायरीवर उभे होते. हातात प्रबंधाची झेरॉक्स, पहिल्यांदाच सुरकुत्या पडलेली. त्यांनी आवाज चढवला नाही. ती घाबरली होती ती त्यालाच, पण ते झालं नाही.

"हे तू मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"विचारलं होतं सर. तुम्ही जिद्द म्हणालात."

सर मग म्हणाले, "फेलोशिप संपत होती. गाइड म्हणायचे, जूनपर्यंत आकडे दे, नाहीतर गाशा गुंडाळ. बाथ येईना. बायकोला, ताराला, दिवस गेले होते. मी म्हटलं, तात्पुरते घालू. बाथ आला की खरे मोजू." त्यांनी चष्मा पुसला. "मग बाथ आला तोवर डिग्री आली होती."

हर्षाला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा थोडा रागही आला. तीस वर्षांत एकदाही सहा चंबू लावायला वेळ मिळाला नव्हता, आणि तिला मात्र आठ महिने पंखा बंद करून बसवलं होतं.

"माझ्या हाताला घाम येतो का म्हणून विचारलं होतंत तुम्ही," ती म्हणाली.

सरांना ते आठवत नव्हतं. तसं त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं.

"एवढं पान बदलता येतं का बघू," ते म्हणाले. "तुझी सही लागेल, माझी लागेल. छोटी दुरुस्ती म्हणून."

ते दोघं आत गेले. खिडकीतल्या बाईंनी एक फॉर्म पुढं केला. सादर झालेल्या प्रबंधात बदल करण्यासाठी अर्ज. सरांनी उभ्याउभ्याच भरायला घेतला. प्रबंधाचं नाव लिहिलं. पान क्रमांक लिहिला. मार्गदर्शकाचं नाव लिहिलं, आधी डॉ. लावून. पुढचा रकाना मोठा होता, चार ओळींचा: बदलाचे सविस्तर कारण. खाली बारीक अक्षरात, कारणाच्या पुष्टीसाठी मूळ प्रयोगवही जोडावी.

सरांचं पेन त्या रकान्यावर थांबलं.

"काय लिहावं इथं?" त्यांनी हळूच विचारलं.

"जे झालं ते लिहा सर," हर्षा म्हणाली. "मी सही करते."

मागं रांग वाढली होती. एका मुलानं घसा खाकरला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "सर, भरून राहिले की बाजूला होऊन राहिले?"

सर बाजूला झाले. फॉर्मची त्यांनी चार पदरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. हर्षाची दुसरी शिफ्ट होती. तिनं त्यांना नमस्कार केला आणि बुटीबोरीची बस धरायला निघाली. वेदिकाच्या ईमेलला तिनं बसमध्येच उत्तर लिहिलं, तक्ता जोडला, आणि बाथ कोणत्या कंपनीचा घ्यावा तेही कळवलं.